युरो शंभरीपार, पण शिल्लक किती? परदेशातल्या पगाराचा खरा हिशेब

गेल्या महिन्यात यवतला घरी गेलो होतो. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीतून उतरलो, घरी पोचलो, तर मामा आधीच येऊन बसलेले. चहा व्हायच्या आत प्रश्न आला, "अरे, युरो शंभराच्या वर गेला म्हणे. मग एकोणीसशे युरो म्हणजे एक लाख नव्वद हजार की रे महिन्याला!"

एकोणीसशे युरो हा माझ्या मामेबहिणीला जर्मनीत सुरुवातीला मिळू शकणारा पगार. ती जीएनएम झालेली नर्स आहे. हडपसरच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये २४ हजारांवर काम करते. एका एजंटाने तिला जर्मनीला पाठवायचे चार लाख मागितले होते आणि मामा सातबाऱ्यावर बोजा चढवून ते काढायच्या विचारात होते. म्हणजे प्रश्न निव्वळ गणिताचा नव्हता, उसाच्या दीड एकराचा होता.

योगायोगाने त्याच आठवड्यात कॉलेजच्या एका मित्राचा फोन आला. तो माझ्यासारखाच सॉफ्टवेअरवाला. त्याला म्युनिकची ऑफर आली होती, वर्षाला ४८,३०० युरो. नातेवाइकांत "४८ लाखांचं पॅकेज" अशी बातमी पसरली होती. बायको आणि दोन वर्षांची मुलगी त्याच्यासोबत जाणार होत्या.

मी दोघांसाठी एकच एक्सेल शीट बनवली. उत्तरं मात्र उलटसुलट आली. जिचा पगार कमी तिला जाणं परवडत होतं. ज्याचा पगार जास्त त्याचं पहिलं वर्ष पुण्यापेक्षा तंगीत जाणार होतं. असं का होतं, ते या लेखात पाहू.

आत्ताच हा प्रश्न का?

परदेशात जायच्या वाटा गेल्या दोन वर्षांत बऱ्याच बदलल्या. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठीची सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंडांवर नेली. जर्मनी मात्र उलट दिशेने चालली आहे. भारतातल्या कुशल कामगारांना वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा द्यायचं धोरण तिने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं.

महाराष्ट्राचा संबंध आणखी थेट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार झाला. पहिल्या टप्प्यात १० हजार जणांना पाठवायचं, त्यात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे लोक असतील, असं तेव्हा जाहीर झालं. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. मर्सिडीज आणि बॉश यांचं माहेर तेच. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत.

त्यामुळे ऑफर लेटर हातात घेऊन "हा पगार पुरेल का?" असं विचारणारे आता फक्त हिंजवडीत राहिले नाहीत. ते दौंड, शिरूर, बारामतीतही आहेत.

चूक १ : पगाराला शंभराने गुणणं

मामांनी केलं ते सगळेच करतात. पण पगार युरोत मिळतो तसा खर्चही युरोतच होतो. तिथे भाडं भरताना, भाजी घेताना, बसचा पास काढताना रुपया कुठेच येत नाही. म्हणून पहिला नियम असा : जो खर्च जिथे होतो, त्याचा हिशेब त्याच चलनात करायचा. रुपयांत फक्त शेवटची शिल्लक बदलायची, कारण घरी येते ती तेवढीच.

सूत्र साधं आहे :

शिल्लक = हातात येणारा पगार − तिथला खर्च − इथली जबाबदारी

यातल्या शिल्लकेलाच विनिमय दर लावायचा, बाकी कशालाही नाही. आणि दरही बँक किंवा ॲप प्रत्यक्षात देतं तो लावायचा. गूगलवर दिसतो तो दर सहसा आपल्याला मिळत नाही.

चूक २ : इंटरनेटवरच्या तुलनेवर डोळे मिटून विश्वास

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, "पीपीपी लावून बघ." पीपीपी म्हणजे क्रयशक्ती समानता. तीच टोपली इकडे किती रुपयांना आणि तिकडे किती युरोंना येते, त्यावरून काढलेला दर. जागतिक बँकेच्या आकड्यांवरून भारत आणि जर्मनीचा हा दर साधारण २८ ते ३० रुपयांना एक युरो असा येतो. बाजारातला दर शंभराच्या पुढे आणि हा तिशीच्या आत! त्या हिशेबाने मित्राचं "४८ लाखांचं पॅकेज" एकदम १३-१४ लाखांवर येतं.

मग खरं काय? दोन्ही खरं आहे, पण प्रश्न वेगवेगळे आहेत. तिथे राहून जगणं कसं असेल, याचा अंदाज पीपीपी देतो. घरी किती पाठवता येईल, हे बाजाराचा दर सांगतो. शिवाय पीपीपीची टोपली अख्ख्या देशाची सरासरी असते. त्यात यवतचा वांग्याचा भाव आणि खराडीतल्या फ्लॅटचं भाडं एकाच आकड्यात मिसळलेलं असतं.

नुम्बेओसारख्या साइटचंही तसंच. तिथले भाव बहुतांशी वापरकर्त्यांनी स्वतः भरलेले असतात. न्यूयॉर्क म्हणजे १०० धरून बाकी शहरांचा निर्देशांक काढतात. मोठ्या शहरासाठी नोंदी भरपूर असतात, लहान गावासाठी अगदी थोड्या. आणि एक गोष्ट बरेच जण पाहत नाहीत : तिथल्या मुख्य "कॉस्ट ऑफ लिव्हिंग" निर्देशांकात घरभाडं धरलेलंच नसतं, ते वेगळ्या रकान्यात असतं. जर्मनीत तर सगळ्यात मोठा खर्च भाड्याचाच. म्हणजे तो एकच आकडा पाहून निर्णय घेणं हे इंजिन न बघता गाडी घेण्यासारखं झालं.

पहिली पायरी : ब्रुटो ते नेटो

जर्मन ऑफर लेटरवर असतो तो ब्रुटो, म्हणजे कपातीआधीचा पगार. हातात येतो तो नेटो. मधे दोन कात्र्या आहेत.

पहिली कात्री सामाजिक विम्याची. २०२५ च्या दरांनुसार कर्मचाऱ्याच्या वाट्याला पेन्शन ९.३ टक्के, बेकारी विमा १.३ टक्के, आरोग्य विमा सरासरी ८.५५ टक्के आणि शुश्रूषा विमा १.८ टक्के येतो. तेवीस वर्षांवरच्या, मूल नसलेल्या माणसाला शुश्रूषा विम्यात आणखी ०.६ टक्के भरावे लागतात. बेरीज सुमारे साडेएकवीस टक्के.

दुसरी कात्री आयकराची. ती तुमच्या श्टॉयरक्लासं, म्हणजे करवर्गावर ठरते. एकटा असाल तर वर्ग १. जोडीदार तिथे सोबत राहत असेल आणि कमावत नसेल तर अर्ज करून वर्ग ३ घेता येतो, त्यात कर बराच कमी होतो. पण बायको भारतातच राहिली तर लग्न झालेलं असूनही वर्ग १ च लागतो. "आधी मी जातो, सहा महिन्यांनी फॅमिली आणतो" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

४८,३०० युरो, म्हणजे महिन्याला ४,०२५. वर्ग १ मध्ये हातात येतात साधारण २,६००. वर्ग ३ आणि एक मूल असेल तर साधारण २,९५०, वर मुलासाठीचा सरकारी भत्ता, जो २०२५ मध्ये २५५ युरो होता. म्हणजे सुमारे ३,२००.

हा ४८,३०० चा आकडा कुठून आला, तेही सांगतो. २०२५ साठी ईयू ब्लू कार्डची सर्वसाधारण किमान पगारमर्यादा तंतोतंत तेवढीच होती. तुटवड्याच्या क्षेत्रांसाठी, ज्यात आयटी येतं, ती ४३,७५९.८० युरो होती. ही मर्यादा दर १ जानेवारीला बदलते. म्हणजे मित्राला कंपनीने "भारी पॅकेज" दिलेलं नव्हतं. व्हिसाच्या सर्वसाधारण मर्यादेचा आकडा लिहून दिला होता. व्हिसा मिळण्यापुरता पगार आणि कुटुंब चालण्यापुरता पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारची मर्यादा तुम्ही म्युनिकला राहणार की खेड्यात, एकटे की तिघे, हे विचारत नाही.

दुसरी पायरी : तिथला खर्च

आता दोन्ही शीट उघडतो. खर्चाचे आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या गावाप्रमाणे ते बदला.

बहिणीची शीट. नर्सिंगची पदवी जर्मनीत मान्य होईपर्यंत तिला साहाय्यक म्हणून काम करावं लागतं. १ जुलै २०२५ पासून शुश्रूषा क्षेत्रात साहाय्यकाचं किमान वेतन तासाला १६.१० युरो झालं, मान्यताप्राप्त नर्सचं २०.५० युरो. आठवड्याला ४० तास धरले तर साहाय्यकाचा ब्रुटो सुमारे २,७९० आणि हातात साधारण १,९००.

खर्च, बाडेन-वुर्टेंबर्गमधल्या एखाद्या लहान गावात, महिन्याला :
हीटिंगसकट भाडं ६५०
वीज आणि इंटरनेट ७०
रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८
देशभर चालणारा लोकल प्रवासाचा पास (२०२५ चा दर) ५८
किराणा, भाजी २५०
मोबाइल आणि विमा २५
कपडे, भांडीकुंडी, किरकोळ १८०
वर्षातून एकदा भारतवारी, महिन्याला वाटून ७५

एकूण १,३२६. शिल्लक सुमारे ५७०, म्हणजे ५७ हजार रुपये. हडपसरला २४ हजारांतून कॉट बेसिसची खोली, जेवण, जाणं-येणं जाऊन तिच्याकडे दहा हजार उरतात. पगार आठपट दिसत होता, शिल्लक साडेपाच ते सहापट आली. आठपट नाही, पण चांगलीच आहे. पदवी मान्य झाली की हातात सुमारे २,३५० येतील आणि शिल्लक हजार युरोंवर जाईल.

मित्राची शीट. हातात ३,२००. म्युनिक हे जर्मनीतलं सर्वांत महागड्या भाड्याचं शहर. दोन खोल्यांचं घर हीटिंगसकट १,६००, किराणा ५५०, दोन पास ११६, वीज-इंटरनेट ११०, वर्गणी १८, मोबाइल ४०, इतर ३००, तिघांची भारतवारी महिन्याला वाटून २२५. झाले २,९५९. वर गावी आई-वडिलांना पाठवायचे दहा हजार रुपये, म्हणजे १०० युरो. उरतात सुमारे १४० युरो, १४ हजार रुपये.

पुण्यात त्याचा सीटीसी १८ लाख आहे. कर, पीएफ जाऊन हातात साधारण १ लाख २० हजार येतात. भाडं २८, घरखर्च १८, पेट्रोल-पाळणाघर-बाकी २०, आई-वडिलांना १०, असे ७६ हजार जातात. उरतात ४४ हजार. म्हणजे "४८ लाखांच्या पॅकेज"ची शिल्लक १८ लाखांच्या पॅकेजच्या एक-तृतीयांश!

असं का झालं? बहिणीची इथली कमाई जर्मन किमान वेतनाच्या मानाने फारच कमी आहे आणि ती एकटी आहे. मित्राची इथली कमाई भारतातल्या सरासरीच्या खूप वर आहे, आणि तिथे एका किमान पगारावर तिघं जगणार आहेत. फरक देशाने पडला नाही. इथे तुम्ही पगाराच्या कुठल्या पायरीवर उभे आहात आणि तिथे कुठल्या पायरीवर जाणार, त्याने पडला.

तिसरी पायरी : शीटमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

शिल्लक कमी म्हणजे जाऊच नये, असंही नाही. काही गोष्टी आकड्यात पकडता येत नाहीत, तरी त्यांना किंमत आहे.

तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. सरकारी शाळेला फी नाही. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला नोकरी करायची मुभा असते. २०२५ मध्ये महिन्याला ५५६ युरोंपर्यंतच्या छोट्या नोकरीला, ज्याला तिथे मिनीजॉब म्हणतात, आयकर जवळपास लागत नाही. वहिनींनी तेवढी जरी केली तरी शिल्लक १४० वरून सातशेच्या आसपास जाते आणि पुण्याला मागे टाकते. मात्र त्यासाठी मुलीला पाळणाघरात जागा मिळायला हवी. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी, आणि बी१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो.

उलट बाजूही आहे. पहिले दोन-तीन महिने पैसा नुसता बाहेर जातो. घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत डिपॉझिट मागू शकतो. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. ती लांबली, कर क्रमांक वेळेत आला नाही, तर पहिल्या पगारातून सगळ्यात जास्त कराच्या वर्ग ६ प्रमाणे कापतात. ते पैसे नंतर परत मिळतात, पण भाडं त्याच महिन्यात द्यायचं असतं. मी मित्राला सांगितलं, किमान पाच हजार युरो हाताशी ठेवून विमानात बस.

उलटा हिशेब करा

ऑफर आल्यावर "पुरेल का?" असं विचारण्यापेक्षा "मला किती हवेत?" असं विचारणं जास्त उपयोगी पडतं. शीट खालून वर चालवायची. मित्राला पुण्याइतकीच शिल्लक हवी, म्हणजे ४४० युरो. म्हणजे हातात ३०० जास्त. त्याच्या करवर्गात ब्रुटोत वाढलेल्या दर शंभरातले साधारण ५९ हातात राहतात. तेव्हा ब्रुटो महिन्याला ५१० ने वाढायला हवा, म्हणजे वर्षाला ५४ ते ५५ हजार युरो. हा आकडा घेऊन एचआरशी बोलता येतं. "थोडं वाढवून द्या" यापेक्षा "तिघांसाठी म्युनिकमध्ये माझा हिशेब इतका येतो" हे वाक्य जड पडतं.

सोबत एवढं लेखी विचारून घ्या : पगार बारा महिन्यांचा की तेरा? प्रोबेशन किती, कारण तिथे ते सहा महिन्यांपर्यंत असू शकतं. प्रवास आणि पहिल्या महिन्याचं घर कोण देणार? भाषेच्या क्लासचा आणि पदवी-मान्यतेचा खर्च कुणाचा? मधेच सोडलं तर काही परत करावं लागेल का? शेवटचा प्रश्न नर्सेसनी तर विचारायलाच हवा.

मामांना काय सांगितलं

शीट लॅपटॉपवर उघडून मामांपुढे ठेवली. एक लाख नव्वद हजाराचे सत्तावन्न हजार झालेले बघून ते जरा नाराज झाले. मग म्हणाले, "तरी चार लाख सात महिन्यांत फिटतात की."

फिटतात, जर सगळं सरळ झालं तर. पण त्या चार लाखांचा हप्ता आजपासून सुरू होणार आणि पहिला युरो येणार बी१-बी२ पातळीचं जर्मन झाल्यावर, म्हणजे अजून वर्षभराने. प्रोबेशनमध्ये परत यावं लागलं तर कर्ज रुपयांतच उरणार, युरो मात्र नसणार. आणि मुळात चार लाख कशाचे? भारतीय नियमांप्रमाणे परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत दिसतं. आम्ही तिथेच बसून शोधलं. त्या एजंटाचं नाव यादीत सापडलं नाही.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग बहीणच म्हणाली, "दादा, जायचं तर आहेच. पण जमिनीवर नको."

आता ती ड्युटी सांभाळून जर्मनचा ए१ चा क्लास करते आहे, स्वतःच्या पगारातून. पोचायला वर्षभर उशीर होईल, पण सातबारा कोरा राहील. मित्राने एचआरला ५५ हजारांचा आकडा कळवलाय, उत्तराची वाट बघतोय.

तुमच्याकडे ऑफर असेल तर निर्णय घ्यायच्या आधी एक संध्याकाळ या शीटला द्या. वर पगार, खाली शिल्लक आणि मधे प्रत्येक खर्च त्याच्या त्याच्या चलनात. शंभराने गुणायचं ते फक्त सगळ्यात खालच्या ओळीला.